पावसात कॅमेऱ्याचं सीलिंग काय करतं?

वेदर-सील्ड कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात एक चित्र हमखास असतं: बॉडीचा आराखडा आणि त्यावर ठळक रंगात दाखवलेल्या रबरी पट्ट्या. बटणांखाली रबरी पडदे, डायलच्या दांड्याभोवती रिंगा, बॅटरीच्या झाकणाला फोमची कड, माउंटवर (लेन्स जिथे बसते त्या कडेवर) गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी रबरी कडी. चित्र खोटं नसतं. पण पाणी आत ढकलतं कोण, हे त्यात दिसत नाही, आणि कॅमेरा किती टिकेल हे तर त्यावरच ठरतं. माझ्या मते हा सगळा विषय दाबातल्या फरकाचा आहे. किती पाऊस पडला याला त्यामानाने कमी महत्त्व आहे.

फट असली की पाणी शिरणारच, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पृष्ठताण त्याला अडवतो. सिलिकॉन रबरासारख्या, पाणी झटकणाऱ्या कडांमध्ये एक दशांश मिलिमीटरची फट असेल, तर साधारण चार-पाच सेंटीमीटर उंचीच्या पाण्याचा दाब पृष्ठताण एकटाच थोपवतो. फट दहापट अरुंद केली की ही ताकद दहापट वाढते, म्हणजे जवळपास अर्धा मीटर. मात्र फटीच्या कडा पाणी धरून ठेवणाऱ्या असतील, उदाहरणार्थ मळलेल्या धातूच्या, तर हाच पृष्ठताण पाण्याला आत खेचतो. त्यामुळे गॅस्केटवर चिकटलेला वाळूचा कण किंवा केस दुहेरी नुकसान करतो. तो फट रुंद करतो आणि पाण्याला वाटही दाखवतो.

आता थेंबाकडे पाहू. पाच मिलिमीटरचा टपोरा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने खाली येतो. तो आदळताना पडणारा दाब ढोबळमानाने चार मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा असतो, पण तो सेकंदाच्या एक हजारांश भागापुरता आणि थेंबाएवढ्याच जागेवर. भुरभुरीतला अर्ध्या मिलिमीटरचा थेंब सेकंदाला दोनेक मीटर वेगाने येतो आणि त्याचा दाब वीस सेंटीमीटरच्या आसपास भरतो. हे आघात थेट रबरावर पडू नयेत म्हणून बॉडीचे दोन भाग खाच आणि कड अशा जोडणीने बसवतात. वाट वळणाची असल्याने थेंब पहिल्याच वळणावर आपला वेग गमावतो, आणि गॅस्केटपर्यंत पोहोचतं ते फक्त संथ, काही मिलिमीटर साचलेलं पाणी. एवढं पाणी रबर सहज अडवतं. चांगला सील्ड कॅमेरा मुसळधार पावसातही बराच वेळ बिनतक्रार चालतो, तो या साध्या रचनेच्या जोरावर.

मग बिघडतं कुठे? माझ्या दृष्टीने या विषयातला सगळ्यात दुर्लक्षित भाग इथेच येतो: आतली हवा.

काळ्या रंगाची बॉडी उन्हात सहज तापते. समजा, आतली हवा ३५ अंश सेल्सिअसवर आहे आणि अचानक आलेल्या सरीने ती २० अंशांवर आली. बंद जागेतल्या हवेचा दाब तापमानाबरोबर घटतो. इथे तो जवळपास पाच टक्क्यांनी उतरेल. पाण्याच्या भाषेत सांगायचं तर हा फरक सुमारे ५० सेंटीमीटर उंच स्तंभाएवढा आहे, आणि तो थेंबासारखा क्षणिक नसतो. आतला दाब पुन्हा बाहेरच्याइतका होईपर्यंत तो सगळ्या फटींवर सारखा काम करत राहतो. कॅमेरा कोरडा असेल तर त्या फटींतून हवा आत जाते. पण त्याच फटींवर पाणी साचलेलं असेल, तर हवेऐवजी पाणी ओढलं जातं. तापलेल्या कॅमेऱ्यावर पडलेली छोटी सर थंडगार कॅमेऱ्यावर तासभर पडलेल्या पावसापेक्षा घातक ठरू शकते, ती अशी.

झूम लेन्स हाच प्रकार हाताने घडवून आणते. बाहेर सरकणाऱ्या नळीचा व्यास सात सेंटीमीटर असेल आणि ती तीन सेंटीमीटर पुढे आली, तर आतली जागा शंभर घन सेंटीमीटरहून अधिक वाढते. ती भरायला हवा कुठूनतरी यावीच लागते. प्रत्येक झूमबरोबर लेन्स लोहाराच्या भात्यासारखी श्वास घेते आणि सोडते. शिवाय ओली नळी आत घेताना तिच्यावरचं पाणीही सोबत जातं. सील त्यातलं बरंचसं पुसून काढतं, सगळं नाही. त्यामुळे पावसात काम करायचं असेल तर लांबी न बदलणारी झूम किंवा एकाच फोकल लांबीची, आतल्या आत फोकस होणारी लेन्स मला जास्त भरवशाची वाटते.

मग कॅमेरा पूर्ण हवाबंद का करत नाहीत? असा कॅमेरा होऊन गेला आहे. निकॉनने १९६३ साली आणलेला निकोनॉस कोणत्याही वेगळ्या पेटीशिवाय ५० मीटर खोलीपर्यंत चालायचा. त्याच्या मोजक्या दांड्यांभोवती ग्रीस लावलेल्या ओ-रिंगा, म्हणजे गोल रबरी कड्या, होत्या. खोल पाण्याचा दाब ओ-रिंगेला तिच्या खाचेत आणखी घट्ट दाबतो, म्हणजे तिथे दाबच सीलिंगला मदत करतो. साध्या कॅमेऱ्याच्या फोमला ही मदत मिळत नाही; तो फक्त स्वतःच्या फुगण्याच्या जोरावर फट बुजवतो. आजच्या बॉडीवर वीसेक बटणं, दोन-तीन डायल, हलता स्क्रीन, माइकची छिद्रं आणि चार-पाच जॅक असतात. तिथे निकोनॉससारखी बांधणी करायची तर कॅमेरा जड होईल आणि हाताळणीही जाईल.

काही कंपन्या आयपी मानांकन देतात, म्हणजे धूळ आणि पाणी आत शिरण्यापासून किती संरक्षण आहे हे सांगणारे दोन आकडे. लायका एसएल२ ला आयपी५४ आहे, तर ओएम सिस्टमच्या २०२२ मधल्या ओएम-१ ला आयपी५३, तेही ठरावीक लेन्स लावल्यावर. यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पाण्याचा ३ म्हणजे सरळ वरून ६० अंशांपर्यंत तिरका येणारा फवारा, ४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारं पाणी. पेन्टॅक्स आपल्या लेन्सवर 'डब्ल्यूआर' (वेदर रेझिस्टंट) आणि 'एडब्ल्यू' (ऑल वेदर) अशी स्वतःची अक्षरं वापरते. कॅनन, निकॉन, सोनी यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांना आकडा नसतो, नुसता 'धूळ व ओलावा रोधक' असा शब्दप्रयोग असतो. आकडा देणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, कारण त्यांनी निदान एक ठरलेली परीक्षा दिली आहे.

पण ती परीक्षा नीट वाचायला हवी. पाण्याच्या सर्वात खालच्या, आयपीएक्स१ च्या चाचणीत (एक्स म्हणजे धुळीचा आकडा दिलेला नाही) मिनिटाला एक मिलिमीटर या दराने दहा मिनिटं पाणी ठिबकवतात. दर मोठा आहे, तासाला ६० मिलिमीटर. पण ते थेंब जेमतेम वीतभर उंचीवरून पडतात, त्यामुळे त्यांचा वेग खऱ्या टपोऱ्या थेंबाच्या पाव भागाहून कमी असतो. चाचण्या गोड्या पाण्याने होतात आणि पाणी व उपकरण यांच्या तापमानात पाच अंशांहून अधिक फरक नसावा असा दंडक आहे. म्हणजे वर सांगितलेला तापलेल्या कॅमेऱ्याचा प्रसंग प्रयोगशाळेत येतच नाही. आणखी एक गोष्ट: थोडं पाणी आत गेलं तरी कामात अडथळा येत नसेल, तर उपकरण साधारणपणे उत्तीर्ण धरलं जातं.

सीलिंग ही बॉडी आणि लेन्स या जोडीची गोष्ट आहे. सील्ड बॉडीवर बिनगॅस्केटची लेन्स लावली की माउंटची कड उघडी पडते, आणि तिच्या थेट मागे सेन्सर असतो. मागच्या धातूच्या रिंगेभोवती पातळ रबरी ओठ आहे का, हे हाताने चाचपून कळतं. काही लेन्स पुढच्या बाजूनेही अपुऱ्या असतात. कॅननच्या १७-४० मिलिमीटर एफ/४ एल लेन्सचं सीलिंग पुढे फिल्टर लावल्यावरच पूर्ण होतं. फुजीफिल्मच्या एक्स१००व्ही ला अॅडॅप्टर रिंग आणि फिल्टर अशी दोन्हींची जोड लागते. हॉट शू (वरची फ्लॅश बसवायची खाच), जॅकची लहान झाकणं आणि कार्डाचं दार या बाकीच्या कमकुवत जागा. भर पावसात कार्ड बदलणं म्हणजे स्वतः होऊन सीलिंग काढून ठेवणं.

आत गेलेलं सगळं पाणी सारखं नसतं. पावसाचं पाणी विजेचं फारसं वाहक नाही. समुद्राचं पाणी त्याच्या हजारपटीहून अधिक वाहक असतं. सर्किटमधल्या दोन बिंदूंमध्ये थोडं व्होल्टेज असेल आणि मध्ये खारं पाणी असेल, तर धातू विरघळून एका टोकाकडून दुसरीकडे सरकू लागतो, आणि काही वेळातच शॉर्ट होतो. पाणी सुकल्यावरही मीठ तिथेच उरतं आणि हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओलावा शोषून पुन्हा द्रवरूप होतं. लाटांचे तुषार उडालेला कॅमेरा म्हणूनच गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने लगेच पुसावा. कॅमेऱ्यात पाणी गेल्याचा संशय आला तर आधी बॅटरी काढावी. गंजायला वेळ लागतो, पण वीज चालू असताना होणारी झीज झपाट्याने होते.

रबराला वयही असतं. वर्षानुवर्षं दाबून राहिलेला फोम परत पूर्ण फुगत नाही, आणि डास पळवणाऱ्या मलमातलं डीट अनेक प्रकारच्या प्लास्टिकला मऊ करतं. जुन्या, भरपूर वापरलेल्या कॅमेऱ्याचं सीलिंग नव्यासारखं धरू नये. पाणी गेल्यामुळे झालेला बिघाड बहुतेक वॉरंट्यांमध्ये बसत नाही, मग माहितीपत्रकात चित्र कितीही देखणं असो. जोराच्या पावसात सील्ड कॅमेऱ्यावरही मी रेन कव्हर चढवतो. पाणी फटींवर साचलंच नाही, तर आतला दाब ओढून ओढून हवाच ओढणार.

पाऊस थांबल्यावरचा अर्धा तास पावसाइतकाच महत्त्वाचा आहे. झूम आत घेण्याआधी नळी पुसावी, आणि कोणतंही दार उघडण्याआधी बॉडी. गॅस्केट थेंब अडवतं, वाफ अडवत नाही. ३० अंशांची बाष्पाने भरलेली हवा एका घनमीटरमध्ये ३० ग्रॅम पाणी धरते, २० अंशांची फक्त १७ ग्रॅम. अशी दमट हवा आत घेऊन कॅमेरा गार झाला, तर काही मिलिग्रॅम पाणी भिंगांवर बसतं, आणि चित्र धुरकट व्हायला तेवढं पुरतं. गार जागेतून उबदार खोलीत नेताना कॅमेरा आधी हवाबंद पिशवीत घालून मगच आत आणावा. दव पिशवीवर बसतं. नंतर सिलिका जेलसोबत एक-दोन दिवस ठेवला की आतला ओलावा उतरतो. ओला कॅमेरा तसाच बंद बॅगेत राहिला तर बुरशी धरते, आणि तिच्यातून पाझरणारी आम्लं भिंगावरचं कोटिंग खातात. नेहमीच्या साठवणीसाठी ४० ते ५० टक्के आर्द्रता योग्य. त्याहून फार कोरडी हवा नको, नाहीतर जुनी रबरं आणि वंगणं सुकू लागतात.