कळा सुरू झाल्यावर कसं बसावं, कसं उभं राहावं
(चेंडू आणि बुटक्या स्टुलासोबत दिलं जाणारं माहितीपत्रक)

आमच्याकडून चेंडू (वर बसता येईल असा, हवा भरलेला मोठा) किंवा स्टूल भाड्यानं नेणाऱ्या प्रत्येक घरासाठी हा कागद आहे. सातव्या-आठव्या महिन्यातच वाचून ठेवा, कारण कळा सुरू झाल्यावर वाचायची सवड कोणाला नसते. बाळंत होणारीनं वाचावाच, पण नवरा, आई, सासू, नणंद, जे कोणी त्या वेळी तिच्याजवळ थांबणार असेल त्यांनीही वाचावा. आम्ही दोघी मिळून साताऱ्यात हे काम करतो. एक फिजिओथेरपिस्ट आहे आणि दुसरीनं तीस वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर म्हणून काढली आहेत.

पहिलटकरीण असो की दुसरेपणाची, प्रत्येकीचा प्रश्न ठरलेला: “नेमकं कसं बसलं की बाळ लवकर होतं?” अशी एकच एक बैठक नाही. ज्या घटकेला जे बरं वाटेल ते त्या घटकेला बरोबर. अर्ध्या तासानं तेच नकोसं होईल, मग बदलायचं. बाळ खाली सरकत जातं तशी कळ पोटातून कमरेत, कमरेतून मांड्यांत उतरते आणि अंग आपोआप वेगळं काहीतरी मागू लागतं. ते मागणं ऐकता यावं यासाठी अंगाला आधीपासून सवय हवी, म्हणून सराव. एक गोष्ट मात्र आम्ही ठामपणे टाळायला सांगतो: तासन् तास सपाट पाठीवर पडून राहणं.

पाठीवर का नको

दिवस भरलेल्या बाईची गर्भपिशवी बाळ, पाणी आणि वार धरून चांगलीच जड असते. ती पाठीवर झोपली की हे सगळं ओझं कण्याला लागून जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतं. पायांकडून हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं, बाईला घेरी येते, मळमळतं, आणि बाळाकडे जाणारं रक्तही कमी पडू शकतं. कुशीवर वळलं की हा दाब सुटतो. दुसरं असं की कटीच्या मागची हाडं, माकडहाड धरून, थोडी मागे सरकून बाळाला वाट देतात. पाठीखाली गादी असेल तर त्यांना सरकायला जागा उरत नाही.

आणि कळ येते तेव्हा गर्भपिशवी पुढे झुकते. उभ्या किंवा पुढे वाकलेल्या बाईत ती सहज झुकते. पाठीवर पडलेल्या बाईत तिला वजन वर उचलून झुकावं लागतं. तेवढं दुखणं विनाकारण वाढतं.

टेबलावर पाय वर अडकवून झोपवण्याच्या पद्धतीला डॉक्टरी भाषेत लिथोटॉमी म्हणतात. मुतखडा काढण्याच्या जुन्या शस्त्रक्रियेत रुग्णाला असं झोपवत, त्यावरून हे नाव पडलं. त्यात तपासणाऱ्याला नीट दिसतं, बाळाला बाहेर ओढायला चिमटा किंवा व्हॅक्यूम लावायचा असेल, टाके घालायचे असतील तर हात नीट पोचतो. तशी गरज असेल तेव्हा ही पद्धत हवीच. गरज नसतानाही सगळ्यांना तिच्यातच बसवायचं, याला आमची हरकत आहे. आमच्यातल्या सिस्टरनं नोकरीच्या पहिल्या वर्षांत प्रत्येक बाईला असंच टेबलावर घेतलं, कारण शिकवलंच तसं होतं. उठून बसू पाहणाऱ्या बायांना “झोपा, झोपा” म्हणून परत पाडलं, याचं तिला आजही वाईट वाटतं.

आपल्या पणज्या उकिडव्या बसून, आढ्याला बांधलेला दोर धरून बाळंत व्हायच्या. मागून कोणीतरी कंबर धरून बसायचं. त्या काळात किती बाया आणि किती मुलं गेली हेही आम्हाला ठाऊक आहे, म्हणून घरी बाळंत व्हा असं आम्ही कधीच सांगत नाही. दवाखान्यातच जा. पण ती बसायची रीत दवाखान्यात सोबत नेता येते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली बाळंतपणातल्या काळजीबद्दल शिफारशी काढल्या. कळांच्या काळात बाईला हिंडू-फिरू द्यावं आणि जन्माच्या वेळी कसं बसायचं ते तिला निवडू द्यावं, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. वेगवेगळ्या देशांतले प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा पहिल्या टप्प्यात, म्हणजे पिशवीचं तोंड पूर्ण उघडेपर्यंत, उभ्या-चालत्या राहिलेल्या बायांचा तो टप्पा पडून राहिलेल्यांपेक्षा सरासरी १ तास २२ मिनिटांनी आखूड होता. सिझेरियनही कमी झाली.

घरी सराव: रोज पंधरा मिनिटं पुरतात

डॉक्टरांनी विश्रांती सांगितली नसेल तरच हे करा.

आधी चेंडू. साधारण ५ फूट ३ इंचांपर्यंत उंचीला ५५ सेंटिमीटरचा, त्याहून उंच बाईला ६५ सेंटिमीटरचा. बसल्यावर कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहिली पाहिजे. गुडघे वर येत असतील तर हवा भरा. फरशीवर चटई किंवा सतरंजी घाला, पाय अनवाणी ठेवा, पायमोजे नकोत. पहिले दोन दिवस कोणीतरी मागे उभं राहून धरा. बसल्यावर कंबर गोल फिरवायची, जात्यावर दळताना फिरते तशी, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. उड्या मारायच्या नाहीत. कळांच्या पहिल्या काही तासांत बहुतेक बायांना हे हलकं डोलणं सगळ्यांत जास्त आवडतं, असा आमचा अनुभव आहे.

त्याच चेंडूसमोर गुडघे टेकून बसा आणि चेंडूला मिठी मारून छाती त्यावर टाका. गुडघ्यांखाली जाड घडी घातलेली गोधडी हवीच. या बैठकीत कंबर मोकळी राहते आणि मागच्या माणसाला ती चोळता येते. कळ पोटात न येता नुसती कमरेत येते, अशी काहीजणींची तक्रार असते. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असेल तर असं होतं. त्या वेळी चार पायांवर येणं, म्हणजे फरशी पुसताना आपण होतो तसं, कमरेला खूप आराम देतं. त्यानं बाळ हमखास फिरतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पाठदुखी कमी होते, एवढं मात्र खरं.

उभं राहायचं तर स्वयंपाकघराचा ओटा उत्तम. कोपरं ओट्यावर टेकायची, कपाळ हातांवर, पाय थोडे फाकलेले, आणि कंबर डावी-उजवी. ओटा नसेल तिथे खिडकीची कड किंवा नवऱ्याचे खांदे. गळ्यात हात टाकून त्याच्यावर भार द्यायचा आणि दोघांनी जागच्या जागी झुलायचं. हे करायला पुष्कळ जोडपी लाजतात. घरात सराव केला असेल तर लेबर रूममध्ये लाज आड येत नाही. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उलटं बसून पाठीच्या कडेवर उशी ठेवून पुढे रेलणं हेही सोपं. खुर्ची प्रत्येक दवाखान्यात असते.

उकिडवं बसणं पूर्वी आपल्याला शिकवावं लागत नसे. आता घरोघरी कमोड आले, ओटे उभ्यानं स्वयंपाकाचे झाले, आणि पंचविशीतल्या मुलींच्या टाचा जमिनीला टेकत नाहीत. टाचांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा, समोर घट्ट काहीतरी धरा, आणि अर्ध्या मिनिटापासून सुरू करा. गुडघे दुखत असतील, पायांच्या शिरा फुगल्या असतील, बाळ पायाळू असेल किंवा वार खाली असल्याचं सोनोग्राफीत आलं असेल तर उकिडवं बसू नका. आमचं बुटकं स्टूल या बैठकीसाठीच आहे. मांड्यांवर ताण न येता तोच फायदा मिळतो. त्याचा पुढचा भाग कोरलेला आहे तो उगीच नाही, तिथे काही टेकू नये म्हणून.

आणि कुशीवर झोपणं. हे कमी लेखू नका. उभं राहायलाच हवं, असा हट्ट धरून दमलेल्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. पहिल्या बाळंतपणात जोराच्या कळांचा टप्पा बारा तासांपर्यंत चालू शकतो. रात्रभर कोणी उभं राहत नाही. डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांत जाड उशी, वरचा पाय थोडा पुढे. डोळा लागला तर लागू द्या.

दवाखान्यात हे चालेल का?

हा प्रश्न डॉक्टरांना आधीच विचारा, नवव्या महिन्याच्या तपासणीला. भांडणाच्या सुरात नको. “कळांमध्ये मला चालता येईल का? चेंडू आणला तर चालेल का? बाळ येताना कुशीवर किंवा गुडघ्यांवर चालेल का?” एवढे तीन प्रश्न पुरे. काही डॉक्टर सगळ्याला हो म्हणतील, काही पहिल्या दोनला. जे हो म्हणतील ते फाइलवर लिहून घ्या, कारण त्या रात्री ड्यूटीवर वेगळं कोणी असू शकतं.

सरकारी दवाखान्यात जाणार असाल तर हे माहीत असू द्या: केंद्र सरकारनं २०१७ साली ‘लक्ष्य’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. लेबर रूममध्ये आडोसा असावा, बाईशी सन्मानानं वागावं, तिच्यासोबत तिच्या पसंतीचं माणूस असावं, यावर त्यात भर आहे. सोबतीचं माणूस मागायला संकोच नको.

सलाईन लावलं म्हणजे झोपलंच पाहिजे असं नाही, स्टँड ढकलत चालता येतं. बाळाचे ठोके बघायला पोटाला पट्टे बांधले असतील तर खाटेशेजारी खुर्चीवर किंवा चेंडूवर बसता येईल का, ते विचारा. बरेचदा येतं, वायर पुरली म्हणजे झालं.

बाळ येण्याच्या वेळी: पिशवीचं तोंड पूर्ण उघडल्यावर पहिलटकरणीला जोर देण्यात तीन तासांपर्यंत लागू शकतात, दुसरेपणाच्या बाईला दोन. या वेळी उभं, बसून किंवा गुडघ्यांवर असलं तर चिमटा-व्हॅक्यूमची आणि खालून कापण्याची वेळ कमी येते. पण नैसर्गिक फाटणं थोडं वाढू शकतं, आणि रक्तस्राव जरा जास्त झाल्याचंही दिसलं आहे. हे आम्ही लपवणार नाही. म्हणून स्टुलावर बाळ झालं तरी वार पडण्यासाठी खाटेवर यावं आणि सिस्टरला रक्त बघू द्यावं. डोकं बाहेर येताना “आता जोर नको, फुंकर मारा” असं सांगितलं की तेवढंच ऐका. सावकाश आलं की कमी फाटतं.

कमरेतून इंजेक्शन घेतलं असेल तर

एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला कमरेतून दिलेलं इंजेक्शन, घेतल्यावर पाय जड होतात, उभं राहणं धोक्याचं. इथे आमचा कल कुशीकडे आहे. इंग्लंड-वेल्समध्ये पहिलटकरणींवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, एपिड्युरल घेतलेल्या आणि शेवटच्या टप्प्यात कुशीवर झोपलेल्यांपैकी ४१ टक्के बायांचं बाळंतपण चिमटा वगैरे न लावता झालं. सरळ बसवलेल्यांत ते ३५ टक्के होतं. दर अर्ध्या तासानं कूस बदलायला मदत मागा. इंजेक्शन घेतलं म्हणून कोणीही अपराधी वाटून घेऊ नये.

इथे आमचा कागद बाजूला ठेवा

रक्त जात असेल, पाणी हिरवट आलं असेल, बाळाची हालचाल कमी झाली असेल, डोकं सतत दुखून डोळ्यांपुढे चमकत असेल, तर चेंडू, सराव सगळं सोडा आणि लगेच निघा. गाडी नसेल तर १०८. पाणमोट फुटली आणि बाळाचं डोकं अजून वर आहे असं आधी सांगितलेलं असेल, तर चालत फिरू नका, आडवं होऊन दवाखान्यात जा, कारण नाळ खाली सरकण्याची भीती असते. आणि लेबर रूममध्ये ठोके बदलले म्हणून डॉक्टरांनी एका विशिष्ट कुशीवर झोपायला सांगितलं तर तसंच झोपा.

सोबत थांबणाऱ्यांसाठी

तिला “कशी आहेस?” असं दर मिनिटाला विचारू नका. कळ चालू असताना बोलूच नका. कळ ओसरली की पाणी द्या, दर तासाला लघवीला उठवा (भरलेलं मूत्राशय बाळाची वाट अडवतं), आणि म्हणा, “आता जरा उभी राहतेस का?” नको म्हणाली तर नको. कमरेच्या खालच्या सपाट हाडावर तळहातानं जोरात दाबा. किती जोरात ते तीच सांगेल, आणि तुम्हाला वाटेल त्यापेक्षा ते बरंच जास्त असेल. सासूबाईंना आणि आईंना एक विनंती: “आमच्या वेळी असलं काही नव्हतं” हे त्या दिवशी नको.

चेंडू आणि स्टूल परत करताना

दोन्ही वस्तू सव्वा महिना ठेवता येतात, त्याचं वेगळं भाडं नाही. दवाखान्यातून आल्यावर साबणाच्या पाण्यानं पुसून सावलीत वाळवा, उन्हात टाकू नका, शेगडीपासून आणि हिटरपासून लांब ठेवा. स्टूल नेहमी धुऊन, जंतुनाशकानं पुसून आम्हीच पुढे देतो. टाके भरून आल्यावर चेंडू पुन्हा उपयोगी पडतो: किरकिरणारं बाळ छातीशी धरून, मागे भिंत आणि शेजारी कोणीतरी असताना, त्यावर बसून हळूहळू डोला. चेंडूवर भोक किंवा चीर दिसली तर ठिगळ लावून वापरू नका. फोन करा, दुसरा आणून देतो.