पोलीस अत्याचाराविरुद्ध देशाबाहेर दाद: १९५१ पासूनचा मागोवा

पोलीस कोठडीत माणूस मेला की मृत्यूचं पहिलं कारण त्याच ठाण्यातले लोक लिहितात. जबाब तेच घेतात, पुरावा त्यांच्याच कपाटात राहतो आणि चौकशीही बहुतेक वेळा त्यांच्याच खात्याकडे जाते. म्हणून पोलीस अत्याचारांविरुद्ध उभ्या राहिलेल्या गटांची पहिली गरज सगळीकडे एकच होती: खात्याच्या हाताबाहेरची स्वतंत्र नोंद. मोर्चांचे फोटो जगभर फिरतात. पण परक्या देशात जाऊन ज्यांनी काम केलं, त्या गोष्टी रुक्ष आहेत: शपथपत्रं, शवविच्छेदनाचे अहवाल, अश्रुधुराच्या नळकांड्यांवरचे क्रमांक, न कापलेल्या चित्रफिती.

१७ डिसेंबर १९५१ रोजी सिव्हिल राइट्स काँग्रेस या अमेरिकी संघटनेने एकच अर्ज एकाच दिवशी दोन शहरांत संयुक्त राष्ट्रांकडे दिला. पॅरिसला संघटनेचे नेते विल्यम पॅटरसन यांनी आणि न्यूयॉर्कला गायक पॉल रोबसन यांनी. रोबसन यांचा पासपोर्ट आदल्याच वर्षी रद्द झाल्यामुळे त्यांना देशाबाहेर जाता येत नव्हतं. अर्जाचं नाव होतं 'वी चार्ज जिनोसाइड'. १९४५ पासूनच्या कृष्णवर्णीयांच्या हत्या त्यात तारीखवार मांडल्या होत्या आणि १९४८ च्या वंशसंहारविरोधी कराराचा आधार घेतला होता. पूर्वी जमाव दोराने जे करत असे ते आता पोलिसांची गोळी करते, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. संयुक्त राष्ट्रांनी तो अर्ज चर्चेलाही घेतला नाही आणि पॅटरसन परतल्यावर त्यांचाही पासपोर्ट काढून घेतला गेला. तरीही घटनांची शिस्तबद्ध यादी करून ती आंतरराष्ट्रीय कराराच्या कलमांना जोडण्याची पद्धत तिथून रुळली.

पुढच्या तीन दशकांत गल्लीतली नोंद पक्की झाली. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या ओकलंडला स्थापन झालेल्या, कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाची माणसं पोलिसांच्या गाडीमागून फिरत आणि अडवलेल्या माणसाला त्याचे हक्क मोठ्याने सांगत. १९६८ मध्ये नॅशनल लॉयर्स गिल्ड या अमेरिकी वकील-संघटनेने निदर्शनांत कायदेविषयक निरीक्षक पाठवायला सुरुवात केली. हा निरीक्षक घोषणा देत नाही आणि वादात पडत नाही. तो वेळ, जागा, बिल्ला क्रमांक, दिलेला हुकूम आणि पांगायला किती मिनिटं दिली, एवढंच लिहितो. 'किती मिनिटं' हा तपशील न्यायालयात फार मोलाचा ठरतो, आणि गडबडीत नेमका तोच टिपायचा राहतो.

ब्रिटनमध्ये १९७९ साली साउथॉलच्या निदर्शनांत ब्लेअर पीच या शिक्षकाचा डोक्यात घाव बसून मृत्यू झाला. त्याबद्दलचा पोलिसांचा अंतर्गत अहवाल लोकांसमोर यायला २०१० साल उजाडलं. कोठडीतल्या मृत्यूंत कुटुंबांच्या मागे उभी राहणारी 'इन्क्वेस्ट' ही संघटना १९८१ ची. अशा कामात पहिले काही दिवस निर्णायक असतात. अंत्यविधीआधी स्वतंत्र डॉक्टरकडून दुसरं शवविच्छेदन झालं नाही, तर पुढे वकील कितीही चांगला मिळाला तरी सरकारी अहवालाला उत्तर देणं अवघड होऊन बसतं.

१९९७ मध्ये माँट्रियलचा एक गट आणि स्वित्झर्लंडचा 'ब्लॅक फ्लॅग' गट यांनी १५ मार्च हा पोलीस अत्याचारविरोधी आंतरराष्ट्रीय दिवस ठरवला. असा दिवस ओळखी करून देतो. खटला चालवायला मात्र वेगळी तयारी लागते, आणि ती नसली की काय होतं हे इटलीतल्या जेनोआत दिसलं.

२१ जुलै २००१ च्या रात्री, जी-८ या आठ बड्या देशांच्या परिषदेच्या वेळी, पोलिसांनी तिथल्या दियाझ शाळेत मुक्कामाला असलेल्या निदर्शकांवर छापा घातला. ९३ जणांना अटक झाली, ६० हून अधिक जखमी झाले. त्यांत इटलीबाहेरचे बरेच होते. शाळेत पेट्रोल बॉम्ब सापडल्याचं पोलिसांनी जाहीर केलं, पण ते पोलिसांनीच आणून ठेवल्याचं पुढे खटल्यात उघड झालं. इतका धडधडीत पुरावा असूनही मारहाणीबद्दलच्या शिक्षा टिकल्या नाहीत. इटलीच्या कायद्यात छळ हा वेगळा गुन्हाच नव्हता. दुखापतीची कलमं लागली आणि अपिलं संपेपर्यंत त्यांची मुदत उलटली. २०१२ मध्ये वरिष्ठ अधिकाऱ्यांची शिक्षा कायम झाली ती खोटी कागदपत्रं केल्याबद्दल. मग चेस्तारो नावाच्या जखमी निदर्शकाच्या अर्जावर युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ७ एप्रिल २०१५ रोजी हा छळच होता असा निकाल दिला आणि कायद्यातल्या उणिवेवर बोट ठेवलं. इटलीने छळाचा गुन्हा कायद्यात आणला तो २०१७ मध्ये.

शिकागोची लढाई याहून लांबली, आणि आमच्या मते या इतिहासात ती सगळ्यात बारकाईने अभ्यासण्यासारखी आहे. १९७२ ते १९९१ या काळात पोलीस अधिकारी जॉन बर्ज आणि त्याच्या हाताखालच्या लोकांनी शंभराहून अधिक लोकांचा, बहुतेक कृष्णवर्णीयांचा, कबुलीजबाबासाठी छळ केला. विजेचे झटके दिले, तोंडावर प्लास्टिकची पिशवी आवळली. १९९३ मध्ये बर्जची नोकरी गेली, पण त्याच्यावर खटला झाला नाही. पीपल्स लॉ ऑफिस या शिकागोतल्या संस्थेच्या वकिलांनी एकेका तक्रारदाराची हकिगत दुसऱ्याच्या हकिगतीशी ताडून पाहिली. तीच खोली, तेच यंत्र, तेच अधिकारी असं दिसू लागल्यावर सुट्या तक्रारींची साखळी तयार झाली. २००६ मध्ये हे प्रकरण जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीपुढे गेलं आणि समितीने अमेरिकेला चौकशी करायला सांगितलं. तोवर छळाच्या गुन्ह्याची मुदत संपली होती. २००८ मध्ये बर्जला अटक झाली ती शपथेवर खोटं बोलल्याबद्दल, आणि २०११ मध्ये साडेचार वर्षांची शिक्षाही त्याचीच.

तेवढ्यावर समाधान न मानता पीडित, त्यांचे कुटुंबीय आणि कार्यकर्ते यांनी भरपाईच्या ठरावाची मागणी लावून धरली. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी कराराचं १४ वं कलम फक्त पैशांबद्दल बोलत नाही, शक्य तितकं पूर्ण पुनर्वसन मागतं. ठरावाने तोच धागा धरला. नोव्हेंबर २०१४ मध्ये शिकागोच्या आठ तरुणांनी, १९५१ च्या अर्जाचंच नाव घेऊन, जिनिव्हात आपला अहवाल मांडला. ६ मे २०१५ रोजी शहराच्या परिषदेने ठराव मंजूर केला: ५५ लाख डॉलरचा निधी, प्रत्येक पात्र पीडिताला १ लाख डॉलरपर्यंत रक्कम, जाहीर माफी, समुपदेशन केंद्र, शहराच्या महाविद्यालयांत मोफत शिक्षण, आठवी आणि दहावीच्या इतिहासात हा विषय, आणि एक स्मारक. जिनिव्हातलं निरीक्षण शहरावर बंधनकारक नव्हतं. स्थानिक लोक परिषदेच्या दारात ठाण मांडून होते म्हणून त्याला वजन आलं.

ही वाट कशी चालते तेही सांगायला हवं. छळविरोधी समितीत दहा तज्ज्ञ असतात. सदस्य देश ठरावीक काळाने आपला अहवाल देतो आणि संघटना त्याला समांतर अहवाल देतात. समितीच्या निरीक्षणांपैकी काही निवडक मुद्द्यांवर देशाला साधारण वर्षभरात उत्तर द्यावं लागतं. समांतर अहवाल फसतो तो बहुधा संतापाने भरल्यामुळे. तज्ज्ञांना कलम, घटना, तारीख, पुरावा आणि नेमकी मागणी एका पानावर दिसली पाहिजे. व्यक्तिगत तक्रारीसाठी देशाने २२ व्या कलमाखाली वेगळी संमती दिलेली असावी लागते आणि देशातले उपाय संपवावे लागतात. अमेरिकेने करार १९९४ मध्ये मान्य केला, पण ही संमती दिलेली नाही. भारताने १९९७ मध्ये करारावर सही केली, पण त्याला मान्यता दिली नाही.

दुसरी वाट पुरवठ्याची. युद्धात वापरायला बंदी असलेला अश्रुधूर रासायनिक शस्त्रांच्या करारानुसार पोलिसांना मात्र चालतो, त्यामुळे त्याचा व्यापार उघड चालतो. रिकाम्या नळकांडीवर बहुधा कंपनी, मॉडेल आणि उत्पादनाची तारीख छापलेली असते. ती धुण्याआधी, शेजारी मोजपट्टी ठेवून, सगळ्या बाजूंनी फोटो घ्यायचा आणि सापडल्याची जागा-वेळ लिहायची, हे कार्यकर्ते अनुभवाने शिकले. २०१३ मध्ये बहरीन वॉच या गटाने फुटलेलं एक निविदापत्र प्रसिद्ध केलं. बहरीनला १६ लाख अश्रुधूर गोळे हवे होते. दक्षिण कोरियातल्या संघटनांनी आपल्या सरकारवर दबाव आणला आणि जानेवारी २०१४ मध्ये बहरीनला होणाऱ्या निर्यातीला परवानगी नाकारली गेली. जर्मनीत हेकलर अँड कॉख कंपनीच्या जी-३६ रायफली, जिथे पाठवायला बंदी होती अशा मेक्सिकोच्या राज्यांत गेल्याची तक्रार शस्त्रविरोधी कार्यकर्त्यांनी २०१० मध्येच केली होती. २०१४ मध्ये मेक्सिकोतल्या इग्वाला शहरात ४३ विद्यार्थी बेपत्ता झाले, तेव्हा तिथल्या पोलिसांकडे याच रायफली आढळल्या. २०१९ मध्ये श्टुटगार्टच्या न्यायालयाने कंपनीकडून ३७ लाख युरो वसूल करण्याचा हुकूम दिला.

चित्रफितीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी १९९१-९२ विसरू नये. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय वाहनचालकाला केलेल्या मारहाणीची फीत सगळ्या जगाने पाहिली, पण बचावपक्षाने ती एकेक चित्र थांबवून दाखवली आणि आरोपी पोलीस सुटले. त्यातूनच चित्रीकरण शिकवणाऱ्या संघटना उभ्या राहिल्या. त्यांचे नियम साधे आहेत: चित्रीकरण सुरू ठेवा, मध्ये कापू नका, रस्त्याची पाटी किंवा ओळखीची खूण चौकटीत घ्या, स्वतः बडबड करू नका, मूळ फाईल जशीच्या तशी जपा. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली फीत दाबली जाते आणि तिला जोडलेली वेळ-जागेची माहिती गळते.

मे २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिनिॲपोलिसच्या पोलिसांनी, पोलिसाच्या गुडघ्याखाली मेलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूला आधी वैद्यकीय घटना म्हटलं होतं. एका १७ वर्षांच्या मुलीच्या अखंड चित्रीकरणाने ते खोटं पाडलं. ६०० हून अधिक संघटना आणि कुटुंबांच्या पत्रानंतर १७ जूनला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत तातडीची चर्चा झाली. अमेरिकेवर स्वतंत्र चौकशी आयोग नेमावा ही मागणी मसुद्यातच पातळ झाली आणि हाती फक्त अहवाल आला. कुटुंबांनी पाठपुरावा सोडला नाही. जुलै २०२१ मध्ये ठराव ४७/२१ ने पोलिसी कामकाजातल्या वंशभेदासाठी तीन तज्ज्ञांची यंत्रणा नेमली. तिने २०२३ मध्ये अमेरिकेतल्या शहरांत जाऊन साक्षी घेतल्या, शिकागोतही. ती शिक्षा देऊ शकत नाही, आणि एखाद्या देशात जायला तिला त्या सरकारची संमती लागते.