वाढत्या अंगाचा सूट पाण्यात चालत नाही

गेल्या आठवड्यात भाच्याचा आइसलँडहून निरोप आला. ‘मामा, सिल्फ्राला डायव्हिंगला चाललोय. ड्रायसूट जरा ढगळ घेतो, आत दोन स्वेटर जास्त मावतील. बरोबर ना?’ पोरगा नाशिकचा. शाळेचा गणवेश दर जूनला वाढत्या अंगाचाच मिळाला, पँटची पट्टी आत दुमडून. त्याला दुसरं काय सुचणार? मी लिहिलं, थांब, पैसे देऊ नकोस. (ड्रायसूट म्हणजे थंड पाण्यात अंग कोरडं ठेवणारा पाणबुड्यांचा पोशाख.)

सिल्फ्रा ही उत्तर अमेरिकी आणि युरेशियन भूपट्ट दूर सरकताना पडलेली भेग. आत हिमनदीचं, लाव्हाच्या खडकातून गाळून आलेलं पाणी, २ ते ४ अंश सेल्सिअस. निफाडचा पारा एवढा उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि पेपरात फोटो येतो. पण ती थंडी हवेतली. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २५ पट, त्यामुळे अंगातली ऊब पाणी भराभर ओढून नेतं.

ड्रायसूट ऊब देतो, हा गैरसमज मात्र सार्वत्रिक आहे. तीन थरांच्या कापडाचा सूट म्हणजे जवळजवळ रेनकोटच. मान आणि मनगटाशी रबरी सील लावून पाणी बाहेर ठेवायचं, एवढंच त्याचं काम. ऊब देते आतल्या जाड कपड्यांत अडकलेली हवा. आपल्या गोधडीचंही तसंच. अंगावरची गोधडी उबदार, पण तीच पाठीखाली चेपली गेली की फरशीचा गारवा लागतो, कारण थरांमधली हवा निघून जाते. म्हणून घट्ट सूटही वाईट. आतले कपडे चेपतात आणि कुडकुडायला होतं.

मग ढगळ का नको? एक प्रयोग करा. प्लास्टिकची पिशवी मोज्यासारखी हातात घाला आणि पिशवीचं तोंड वर ठेवून पाण्याने भरलेल्या पिंपात हात सरळ खाली न्या. आधी बोटांना प्लास्टिक चिकटतं, मग मनगटाला. हवा वर कोपराकडे पळते. पाण्याचा दाब खोलीप्रमाणे वाढतो, दर १० मीटरला साधारण १ वातावरण, म्हणजे समुद्रसपाटीवर हवेचा असतो तेवढा दाब. उभ्या माणसाच्या खांद्यापासून घोट्यापर्यंत साधारण १.४ मीटर अंतर धरलं, तर घोट्यावर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १४० ग्रॅम जास्त दाब पडतो. म्हणून सूटमधली हवा नेहमी सर्वांत उंच जागी जाऊन बसते. हवा सोडायचा व्हॉल्व्ह डाव्या दंडावर असतो तो त्यासाठीच.

आता यात बॉइलचा नियम घाला : तापमान तेच असेल तर दाब जितका पट वाढेल, तितकी पट हवा आकसते. १० मीटरवर एकूण दाब २ वातावरण, हवा निम्मी होते. सूट अंगाला आवळतो, म्हणून पाणबुड्या छातीवरचं बटण दाबून सिलिंडरमधली हवा आत घेतो. वर येताना तीच हवा फुगते. २० वरून १० मीटरवर येताना दीडपट होते, आणि १० वरून पृष्ठभागावर येताना दुप्पट. समजा १० मीटरवर सूटमध्ये ६ लिटर हवा आहे. ती सोडली नाही तर वर १२ लिटर होईल, म्हणजे ६ किलो जादा प्लावक बल, वर ढकलणारा जोर. ढगळ सूटमध्ये या हवेला फिरायला मोकळं रान मिळतं. माणूस जरा डोकं खाली करून झुकला की ती पायांत शिरते, बूट फुगतात, पाय वर जातात. आता दंडावरचा व्हॉल्व्ह खाली आणि हवा वर! सोडणार कशी? माणूस उलटा, पाय वर करून, वेगाने पृष्ठभागाकडे निघतो. रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो तो अशा घाईच्या प्रवासात.

जाता जाता : विहिरीत, धरणात कोणी बुडालं की आपल्याकडे ‘साती आसरांनी ओढून नेलं’ म्हणतात. खोल गेलेल्याला खाली ओढतो तो हाच बॉइल. श्वास रोखून ५ मीटर खाली गेलेल्या माणसाच्या फुफ्फुसातली हवा दोन-तृतीयांश उरते, त्यामुळे वर तरंगणारं शरीर खाली जड होतं. नारळ वाहण्याऐवजी काठावर टायरची ट्यूब आणि दोर ठेवावा.

भाच्याला मी सांगितलं, आतले कपडे घालूनच सूट चढव. उकिडवा बस, पाठ, काख, गुडघा ताणला तर छोटा. दोन्ही हात मानेमागे, सिलिंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचले पाहिजेत. उभं राहिल्यावर पोटरीशी झोळ पडला तर मोठा. बुटात पाय सरकता कामा नये. मानेचं सील फार घट्ट नको, कारण मानेतल्या धमनीजवळ दाब बसला की हृदयाचे ठोके मंदावून चक्कर येऊ शकते.

संध्याकाळी फोटो आला. दुकानात उकिडवा बसलेला, चेहरा लालभडक. खाली लिहिलेलं, ‘सगळं बसलं, पण मूठ आवळली की मनगटाच्या कंडरांशेजारी, म्हणजे ताठ होणाऱ्या दोऱ्यांशेजारी, खळगे पडतात, तिथे सील टेकत नाही.’ मनगटं आमच्याच घराण्याची, काडीसारखी. आता दुकानदार लहान मापाचं सील शोधतोय.