एनएफएल ड्राफ्टला नाव देताना: पात्रता, कागद आणि जानेवारीत होणाऱ्या चुका

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिच्या संघांनी दर एप्रिलमध्ये आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची प्रक्रिया. कॉलेज फुटबॉल खेळणाऱ्या मुलाने ‘मी ड्राफ्टला जातोय’ असं सोशल मीडियावर जाहीर केलं की घरच्यांना वाटतं, झालं काम. लीगच्या दृष्टीने त्या पोस्टला काडीची किंमत नाही. ज्याची कॉलेजमधली खेळण्याची मुदत शिल्लक आहे त्याचा सहीनिशी अर्ज न्यूयॉर्कच्या लीग कार्यालयात मुदतीत पोहोचला तरच त्याचं नाव यादीत चढतं. पत्रकार परिषद झाली, प्रशिक्षकांनी शुभेच्छा दिल्या, पण अर्ज गेला नाही, तर तो अर्जदारच नाही.

अमेरिकेत वाढणारी आपली मुलं या खेळात आता दिसू लागली आहेत, आणि आईवडिलांना ही व्यवस्था पूर्ण अनोळखी असते. तिची सगळ्यात क्रूर बाजू म्हणजे तारखांचा क्रम. निर्णय जानेवारीच्या मध्यात द्यायचा. मोजमापं आणि वैद्यकीय तपासणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. संघांचे ट्रेड, म्हणजे खेळाडूंचे आणि निवडीच्या हक्कांचे आपसातले सौदे, मार्चपासून थेट ड्राफ्टच्या रात्रीपर्यंत. म्हणजे ज्या माहितीवर निर्णय घ्यावा ती बहुतेक सगळी निर्णयानंतर येते. म्हणून जानेवारीपूर्वी हातात येणारे थोडे कागद नीट वाचणं फार महत्त्वाचं आहे.

तुमचा मुलगा कोणत्या गटात?

गट तीन आहेत आणि गोंधळ तिसऱ्यात होतो. कॉलेजची खेळण्याची मुदत पूर्ण संपली असेल तर वेगळा अर्ज लागत नाही, नाव आपोआप पात्र ठरतं. मुदत शिल्लक आहे पण तीन हंगामांची अट पूर्ण झाली आहे, अशांना ‘स्पेशल एलिजिबिलिटी’चा अर्ज करावा लागतो आणि उरलेल्या कॉलेज-मुदतीवर पाणी सोडावं लागतं.

तिसरा गट पदवी पूर्ण केलेल्यांचा, ज्यांची खेळण्याची मुदत अजून उरली आहे. यांची यादी लीग वेगळी काढते. पदवीच्या सगळ्या अटी पूर्ण झाल्याचं त्यांनी लीगला वेळेत लेखी कळवायचं असतं. घोडं अडतं ते इथे. मुलगा चौथ्या किंवा पाचव्या वर्षात असतो, सगळे त्याला ‘सीनियर’ म्हणतात, त्यामुळे काही करायची गरज नाही असं घरी गृहीत धरलं जातं. पण रेडशर्टमुळे (संघात असून न खेळलेलं, म्हणून मुदतीत न धरलेलं वर्ष) किंवा दुखापतीच्या सवलतीमुळे एखादं वर्ष शिल्लक असेल तर तो पहिल्या गटात बसतच नाही. कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसकडून (खेळाडूंच्या नियमपालनावर लक्ष ठेवणारं कार्यालय) दोन गोष्टी लेखी घ्या: किती हंगाम शिल्लक आहेत, आणि पदवीला एकही क्रेडिट बाकी आहे का. क्रेडिटची नोंद रजिस्ट्रारकडे असते, प्रशिक्षकाकडे नाही, आणि डिसेंबरच्या सुट्टीत रजिस्ट्रारचं कार्यालय बंद असतं. थँक्सगिव्हिंगपूर्वी मागा. मे महिन्यात पदवी मिळणार आहे, या भरवशावर या गटातून जायची आशा ठेवू नका. तीन हंगामांची अट पूर्ण असेल तर सरळ दुसऱ्या गटातून अर्ज करा.

तीन हंगाम मोजायचे कुठून?

ही अट लीग आणि खेळाडू संघटनेच्या सामूहिक करारात आहे, आणि ती कॉलेजच्या वर्षांवर मोजली जात नाही. बारावी झाल्यापासून एनएफएलचे तीन नियमित हंगाम सुरू होऊन संपलेले हवेत. दोन्ही क्रियापदं महत्त्वाची आहेत.

जून २०२३ मध्ये बारावी झालेल्या मुलाचे २०२३, २०२४ आणि २०२५ हे हंगाम धरले जातात. तो २०२६ च्या ड्राफ्टला पात्र. आता डिसेंबर २०२२ मध्येच बारावी आटोपून जानेवारीत कॉलेजात दाखल झालेला मुलगा घ्या. घरच्यांना वाटतं, सहा महिने आधी शाळा संपवली म्हणजे एक वर्ष वाचलं. वाचलेलं नसतं. २०२२ चा हंगाम त्याची बारावी होण्याआधीच सुरू झाला होता, म्हणून तो धरत नाहीत. त्याचाही ड्राफ्ट २०२६ चाच. शाळा लवकर संपवण्याचा निर्णय केवळ ड्राफ्ट लवकर मिळावा म्हणून घेतला असेल, तर आधी हे गणित कागदावर मांडा.

उलट, शाळेत एखादं वर्ष मागे राहिलेल्या मुलाला भीती वाटते ती अनाठायी आहे. त्याची स्वतःची बारावी किंवा ज्या तुकडीबरोबर तो हायस्कूलमध्ये दाखल झाला त्या तुकडीची बारावी, यांतली जी आधी झाली तिथून मोजायला सुरुवात होते. रेडशर्टचं वर्षही या मोजणीत धरलं जातं, म्हणूनच ‘रेडशर्ट सॉफोमोर’ (सॉफोमोर म्हणजे दुसऱ्या हंगामाचा खेळाडू) पात्र ठरू शकतो आणि सलग दोनच हंगाम झालेला सॉफोमोर ठरत नाही.

या अटीला कोर्टात आव्हान देऊन झालं आहे. ओहायो स्टेट विद्यापीठाचा मॉरिस क्लॅरेट फेब्रुवारी २००४ मध्ये खालच्या कोर्टात जिंकला आणि अपिलात हरला. त्या पहिल्या निकालावर विसंबून दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माइक विल्यम्सनेही नाव दिलं आणि एजंट घेतला. निकाल फिरल्यावर ड्राफ्टही हातचा गेला आणि कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएने त्याला परतही घेतलं नाही. पुढच्या वर्षी डेट्रॉइटच्या संघाने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडलं खरं, पण मधला पूर्ण हंगाम वाया गेला. तेव्हा सवलत मिळेल अशा आशेवर कुणी अर्ज करायला सांगत असेल तर ऐकू नका.

सल्लागार समितीचा शेरा

जानेवारीपूर्वी मिळणारं एकमेव अधिकृत मूल्यमापन म्हणजे कॉलेज अॅडव्हायझरी कमिटीचा शेरा. संघांचे अनुभवी निवडकर्ते आणि नॅशनल व ब्लेस्टो या दोन स्काउटिंग (खेळाडू हेरणाऱ्या) संस्थांची माणसं मिळून तो देतात. मागणी कॉलेजमार्फत जाते आणि साधारणपणे एका कॉलेजातून पाचच खेळाडूंसाठी करता येते. म्हणूनच मोठ्या संघात खेळणाऱ्या मुलाने ऑक्टोबरमध्येच प्रशिक्षकांना विचारून ठेवावं, या पाचांत माझं नाव आहे का.

शेरे तीनच. पहिल्या फेरीची शक्यता, दुसऱ्या फेरीची शक्यता, किंवा कॉलेजातच राहा. तिसरा शेरा वाचून लोक दुखावतात आणि मग एजंट होऊ पाहणारा कुणीतरी सांगतो, ‘याचा अर्थ तिसरी फेरी.’ तो अर्थ त्यात नाही. तिसऱ्या फेरीपासून कुणीच न निवडण्यापर्यंतची सगळी शक्यता त्या एका शेऱ्यात सामावलेली आहे. ड्राफ्टमध्ये सात फेऱ्या असतात. २०२५ मध्ये एकूण २५७ खेळाडू निवडले गेले. दरवर्षी मुदत सोडून आलेले कितीतरी जण त्या यादीबाहेर राहतात. चांगला शेरासुद्धा हमी नाही, कोणताही संघ त्याला बांधील नाही.

आणि मॉक ड्राफ्ट, म्हणजे माध्यमांनी बांधलेला निवडीचा अंदाज, हा कागद नव्हेच. २०२५ मध्ये कोलोराडोच्या शेड्यूर सँडर्सचं नाव अनेक मॉक ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत होतं. प्रत्यक्षात तो पाचव्या फेरीत, १४४ व्या क्रमांकावर गेला.

७२ तास आणि एक सही

अर्जाची मुदत जानेवारीच्या मध्यात संपते. राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना आता उशिरा होत असल्याने त्या दोन संघांच्या खेळाडूंना अलीकडे वेगळी, नंतरची तारीख मिळते. शेजारच्या कॉलेजच्या मुलाची तारीख आपली समजू नका.

मुदत संपल्यावर माघारीसाठी ७२ तास मिळतात. एनसीएएच्या नियमानुसार खेळाडूला एकदाच नाव देऊन परत येता येतं, आणि परतण्याचा इरादा या ७२ तासांतच लेखी जाहीर करावा लागतो. सर्वात जास्त घात होतो तो याच मुद्द्यावर. बास्केटबॉलमध्ये कंबाइन (ड्राफ्टपूर्वीची सामूहिक चाचणी) होऊन गेल्यावरही माघारीला वाव असतो, त्यामुळे लोक धरून चालतात की फुटबॉलमध्येही एप्रिलमध्ये निवड झाली नाही तर पोरगा परत कॉलेजात खेळेल. नाही खेळणार. ७२ तास उलटले की कॉलेजचं दार बंद. शिवाय हे तास शनिवार-रविवार बघत नाहीत. माघारीचा मसुदा अर्जाबरोबरच लिहून ठेवावा. वापरावा लागला नाही तर उत्तमच.

या तीन दिवसांत एजंटच्या करारावर सही करू नका. एजंटशी करार झाला की माघारीला अर्थ उरत नाही. २०२१ पासून खेळाडू स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातीतून कमाई करू शकतो, त्यासाठी प्रतिनिधीही ठेवू शकतो. मात्र त्या करारात ‘भविष्यातील व्यावसायिक करारांसाठीही’ असं एखादं कलम घुसवलेलं असेल तर पात्रता धोक्यात येते. असल्या एका करारात खेळाडूच्या २५ वर्षांच्या एनएफएल कमाईतला १५ टक्के वाटा लिहून घेतलेला होता. ते प्रकरण २०२३ मध्ये फेडरल कोर्टात गेलं. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला असा कागद एकट्याने सही करायला देऊ नका. वकील करा, त्याचे पैसे द्या. एनएफएल करारासाठी एजंट खेळाडू संघटनेने प्रमाणित केलेलाच हवा. त्याचं कमिशन कमाल ३ टक्के. नमुना करारात काही वेगळं भरलं नाही तर १.५ टक्के धरलं जातं. भरण्याआधी घासाघीस करा. रुकीचा, म्हणजे नव्या खेळाडूचा, पगार पिकच्या (ड्राफ्टमधल्या निवडीच्या) क्रमांकावर जवळपास ठरलेलाच असतो, त्यामुळे एजंटला भांडून मिळवण्यासारखं फार काही शिल्लक नसतं.

कंबाइन आणि जुने वैद्यकीय कागद

इंडियानापोलिसच्या कंबाइनला अर्ज करता येत नाही. साधारण सव्वातीनशे जणांना बोलावणं येतं. न आल्यास मार्चमध्ये कॉलेजच्या प्रो डेला (कॉलेजातच संघांसमोर होणाऱ्या चाचणीला) धावता येतं. ४० यार्डांची धाव, २२५ पौंडांची बेंच प्रेस, उड्या, याबद्दल वाचायला भरपूर मिळेल.

कमी बोललं जातं ते वैद्यकीय तपासणीबद्दल, आणि संघ इंडियानापोलिसला मुख्यतः तिच्यासाठीच येतात. डॉक्टर प्रत्येक जुनी दुखापत उकरून काढतात. नववी-दहावीत गुडघ्याची किंवा खांद्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर तिचा ऑपरेशन रिपोर्ट आणि स्कॅन मागतात. हा कागद जवळजवळ कुणाकडेच नसतो. घरात फक्त बिलं असतात. इस्पितळं जुनी फाइल शोधायला कित्येक आठवडे लावतात, काही ठिकाणी ती राखायची कायदेशीर मुदतही उलटून गेलेली असते. रिपोर्ट नसला की डॉक्टर साहजिकच वाईटातलं वाईट गृहीत धरतात आणि मूल्यमापन खाली येतं. नोव्हेंबरमध्येच मागणीपत्र द्या आणि पोचपावती जपून ठेवा.

ट्रेडचा तुमच्याशी काय संबंध?

संघ मुलाला कितीही आवडून घेवो, ज्या फेरीत तो जाईल त्या फेरीत संघाकडे पिक हवा. पिक आगाऊ विकले जातात. एप्रिल २०२५ मध्ये जॅक्सनविलने ट्रॅव्हिस हंटर या खेळाडूसाठी क्लीव्हलँडकडून दुसरा क्रमांक घेतला. बदल्यात पाचवा, ३६ वा आणि १२६ वा पिक दिला, शिवाय २०२६ ची पहिली फेरीही. क्लीव्हलँडने सोबत १०४ वा आणि २०० वा पिक जोडला. म्हणजे २०२६ ला नाव देणाऱ्या कुणालाही ‘जॅक्सनविल तुला पहिल्या फेरीत घेईल’ असं सांगणारा माणूस मूळ हिशेबच न बघता बोलत होता.

सौदा किती महाग हे ताडायला प्रशिक्षक जिमी जॉन्सनच्या काळात डॅलसच्या संघाने बनवलेला गुणतक्ता अजून वापरला जातो: पहिला पिक ३००० गुण, दुसरा २६००, पाचवा १७००, ३६ वा ५४०. वरच्या सौद्यात पाचवा आणि ३६ वा मिळून २२४० होतात, म्हणजे उरलेला फरक भरायला क्लीव्हलँडने पुढच्या वर्षाची पहिली फेरी घेतली. ती फरकापेक्षा बरीच जास्त आहे. एका खेळाडूसाठी संघ किती वाकू शकतो ते यातून कळतं. उलट सँडर्ससाठी त्याच क्लीव्हलँडने १६६ वा आणि १९२ वा पिक देऊन १४४ वा घेतला, इतकंच.

कुटुंबाने मार्चमध्ये प्रत्येक संघाच्या पिकांची अद्ययावत यादी जवळ ठेवावी. त्या यादीशेजारी संघाचं त्या जागेवरचं मनुष्यबळ लिहावं: कोणाचा करार संपतोय, कोण ट्रेडने आला. मार्चच्या मध्यात नवं लीग-वर्ष सुरू होण्याआधी ठरलेले खेळाडूंचे ट्रेड अधिकृत नसतात, आणि ट्रेड झालेला खेळाडू वैद्यकीय तपासणीत नापास झाला तर सौदा मोडतो, हेही लक्षात असू द्या. प्रत्येक संघ बाहेरगावच्या ३० खेळाडूंना मुख्यालयात बोलावू शकतो. त्यात नाव आलं तर आनंद जरूर माना, पण कधी कधी हे बोलावणं फक्त गुडघा पुन्हा तपासण्यासाठी असतं.

जुलैची पळवाट

‘आत्ता नको, सप्लिमेंटल ड्राफ्टला जाऊ’ असा सल्ला देणारे भेटतात. तो ड्राफ्ट नियमित ड्राफ्टनंतर ज्यांची कॉलेज-पात्रता बदलली त्यांच्यासाठी आहे. जानेवारीत पात्र असून मुद्दाम थांबणाऱ्याला तो मिळत नाही, करारातच तसं स्पष्ट लिहिलं आहे. त्यातून शेवटची निवड २०१९ मध्ये झाली.

मुदतीनंतर काही दिवसांत लीग पात्र खेळाडूंची यादी प्रसिद्ध करते. नाव, कॉलेज आणि खेळण्याची जागा तिन्ही तपासा. नाव दिसलं नाही तर त्याच दिवशी कम्प्लायन्स ऑफिसमधून लीगला लेखी विचारणा करायला लावा, आणि अर्ज पाठवल्याचा पुरावा तारीख-वेळेसह सोबत जोडा.