सैनिकी अपंगत्व निवृत्तिवेतन

भूदल, नौदल किंवा हवाई दलात असताना झालेल्या इजेमुळे अथवा आजारामुळे शरीर वा मन कायमचे अधू झाले, तर भारत सरकार सैनिकाला जे मासिक वेतन देते त्याला अपंगत्व निवृत्तिवेतन म्हणतात. माजी सैनिकांच्या तोंडी मात्र ‘डिसॅबिलिटी पेन्शन’ हाच शब्द आहे. दुखणे कागदावर चढले की ‘कॅटेगरी लागली’ म्हणतात आणि त्यापायी मुदतीआधीच नोकरी गेली की ‘बोर्ड आउट झाला’. हे वेतन दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते. अपंगत्व किती टक्के, आणि त्याचा नोकरीशी संबंध आहे की नाही? हा माणूस आता काही कमावू शकेल का, हा घरच्यांच्या मनातला तिसरा प्रश्न भारतीय नियमांत जवळजवळ विचारलाच जात नाही.

नोकरीत असतानाची प्रकृती ‘शेप’ पद्धतीने नोंदतात. मानसिक स्थिती, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी या पाच इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून हे नाव तयार झाले आहे. प्रत्येक अक्षराला १ ते ५ असा दर्जा असतो. सगळीकडे १ असलेला जवान ‘शेप-वन’, म्हणजे कुठल्याही आघाडीवर पाठवण्याजोगा. दर्जा ५ म्हणजे सैनिकी नोकरीस अपात्र. मधल्या दर्जांच्या जवानांना उंचीवरची किंवा जोखमीची कामे न देता नोकरीत ठेवता येते. बरेचसे दिव्यांग जवान याच मधल्या पायऱ्यांवर वर्षानुवर्षे नोकरी करतात आणि पूर्ण मुदतीनंतर घरी येतात.

निवृत्तीच्या काही महिने आधी जवान सैनिकी रुग्णालयात ‘रिलीज मेडिकल बोर्डा’पुढे, म्हणजे डॉक्टरांच्या तपासणी मंडळापुढे, उभा राहतो. तोफखान्यातला हवालदार असेल, तर त्याला कानांवर हेडफोन चढवून आवाजबंद खोलीत बसवतात आणि बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायला सांगतात. देवळालीच्या तोफखाना प्रशिक्षणापासून पुढची वीसेक वर्षे तोफांच्या धडाक्यात काढलेल्या माणसाला वरच्या पट्टीतल्या शिट्ट्या बहुधा ऐकूच येत नाहीत. गुडघ्याच्या तक्रारीसाठी उकिडवे बसायला लावतात. हे सारे एका छापील अर्जात उतरते. दुखण्याचे नाव, ते कधी आणि कोणत्या ठिकाणी सुरू झाले, टक्का किती आणि तो किती काळासाठी, असे त्याचे रकाने असतात. त्यांच्याच शेजारी दोन छोटे रकाने आहेत. दुखणे नोकरीमुळे उद्भवले आहे काय, आणि आधीचे दुखणे नोकरीमुळे बळावले आहे काय? उत्तर हो किंवा नाही एवढेच, सोबत कारणाच्या दोन ओळी. सगळ्या प्रकरणात निर्णायक जागा हीच आहे. टक्का ७० असला, तरी दोन्ही रकान्यांत ‘नाही’ पडले की अपंगत्वाचा एक रुपयाही मिळत नाही. बोर्डातून बाहेर पडल्यावर जवान टक्का सांगतात, पण खरे तर आधी हे दोन रकाने वाचावेत.

‘नाही’ लिहिण्याची कारणे ठरावीक असतात. आजार मुळातच शरीरप्रकृतीचा आहे, किंवा तो ‘पीस स्टेशन’वर, म्हणजे शांततेच्या ठाण्यावर, सुरू झाला. अपस्मार, छिन्नमनस्कता, उच्च रक्तदाब आणि मधुमेह यांच्या फायलींत ही वाक्ये वर्षानुवर्षे उमटत आली आहेत. १९६१ च्या भूदल निवृत्तिवेतन विनियमांतील १७३ वा विनियम आणि १९८२ चे पात्रता नियम हा या विषयाचा जुना पाया. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार नंतर उद्भवला, तर जवान भरती होताना निरोगी होता असे धरून चालायचे, हे त्या नियमांतच होते. प्रत्यक्षात मात्र ते बाजूला पडत गेले. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात ते पुन्हा पुढे आणले. त्या जवानाला अपस्माराने २० टक्के अपंगत्व आले होते आणि बोर्डाने आजाराचा नोकरीशी संबंध नाकारला होता. भरतीच्या नोंदीत आजार नसेल तर संबंध नसल्याचे सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे, संशयाचा फायदा जवानाला मिळाला पाहिजे आणि बोर्डाने कारणे लिहिली पाहिजेत, असे न्यायालयाने सांगितले. त्यानंतरच्या शेकडो निकालांत याच निकालाचा आधार घेतलेला दिसतो. पुढच्याच वर्षी सुखविंदर सिंग खटल्यात आणखी एक गाठ सुटली. ज्याला सैन्याने स्वतःहून बोर्ड आउट केले त्याचे अपंगत्व २० टक्क्यांहून अधिक आहे असेच मानायचे, कारण तेवढे नसते तर त्याला काढले कशाला?

रजेतल्या अपघातांचा वाद वेगळा आहे. सरकारी वॉरंटवर, म्हणजे सैन्याने दिलेल्या प्रवासपत्रावर, रजेला निघालेल्या किंवा रजेवरून परतणाऱ्या जवानाचा वाटेतला अपघात नोकरीशी जोडला जाऊ शकतो. पण रजेत घरी असताना, स्वतःच्या कामात झालेल्या इजेचा नोकरीशी कार्यकारणसंबंध दाखवावा लागतो आणि तिथे बहुतेक दावे पडतात.

रकमेचा हिशेब असा. या निवृत्तिवेतनाचे दोन घटक असतात, सेवा घटक आणि अपंगत्व घटक. सेवा घटक शेवटच्या पगाराच्या निम्मा. अपंगत्व घटक १०० टक्के अपंगत्वाला त्या पगाराच्या ३० टक्के आणि त्याहून कमी अपंगत्वाला त्याच प्रमाणात कमी. शेवटचा पगार ५०,००० रुपये धरला, तर १०० टक्क्यांना १५,००० आणि ३० टक्क्यांना ४,५०० रुपये होतात. इथे ‘ब्रॉडबँडिंग’ नावाची तरतूद लागू होते. पाचव्या वेतन आयोगानंतर ३१ जानेवारी २००१ च्या पत्राने ती आली. ५० च्या खालचे अपंगत्व ५० टक्के धरायचे, ५० ते ७५ मधले ७५ आणि ७६ च्या पुढचे १००. त्यामुळे वरच्या ४,५०० चे ७,५०० रुपये होतात. दोन डॉक्टरांच्या अंदाजात पाच-दहा टक्क्यांचा फरक पडतोच आणि त्याचा भुर्दंड जवानाला पडू नये, असा यामागचा विचार आहे. या साऱ्या व्यवस्थेतला हा सर्वांत समजूतदार नियम म्हणावा लागेल. सुरुवातीला तो बोर्ड आउट झालेल्यांनाच लागू होता. पूर्ण मुदत भरून निवृत्त झालेल्या दिव्यांग जवानांनाही तो लागू आहे, हे डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार खटल्यात ठरले. मात्र अशा निवृत्तांना आधी किमान २० टक्क्यांची अट पार करावी लागते.

सातव्या वेतन आयोगाने पगाराशी असलेले हे नाते तोडून हुद्द्यानुसार ठोक रकमा सुचवल्या होत्या. १०० टक्के अपंगत्वाला अधिकाऱ्याला २७,०००, जेसीओला (सुभेदारासारख्या कनिष्ठ अधिकाऱ्याला) १७,००० आणि जवानाला १२,००० रुपये. तिन्ही दलांनी त्याला तीव्र विरोध केला आणि मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने टक्केवारीचीच पद्धत कायम ठेवली.

अपंगत्व कशामुळे आले यावरून प्रकरणे ‘ए’ ते ‘ई’ अशा पाच गटांत विभागतात. नोकरीशी संबंध नसलेली नैसर्गिक कारणे ‘ए’मध्ये येतात आणि शत्रूची कारवाई, युद्ध व सीमेवरच्या चकमकी ‘ई’मध्ये. ‘ई’ गटात युद्धजखमी निवृत्तिवेतन मिळते आणि त्याचे प्रमाण बरेच मोठे आहे. युद्धात १०० टक्के अपंगत्व येऊन बोर्ड आउट झालेल्याचा युद्धजखमी घटक शेवटच्या पगाराइतका असतो. नोकरीत राहून पुढे निवृत्त झाला, तर तो ६० टक्के धरतात. म्हणूनच सुरुंगावर पाय पडलेल्या जवानाचा गट ‘सी’, म्हणजे नोकरीतला अपघात, लागतो की ‘ई’, यावर घराचे पुढचे आयुष्य ठरते.

१०० टक्के अपंगत्व असून सतत सोबतीची गरज असेल तर परिचर्या भत्ताही मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर त्याचा मूळ दर महिन्याला ६,७५० रुपये आहे. कमरेखाली लुळे पडलेल्या माणसाला शय्याव्रण होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा. हे काम बहुतेक घरांत बायको किंवा आई करते आणि तिची झोप या भत्त्याच्या कुठल्याच हिशेबात येत नाही.

आता कमाईच्या प्रश्नाकडे. अमेरिकेतील माजी सैनिक व्यवहार खाते हा प्रश्न थेट विचारते. तिथे प्रत्येक दुखण्याला ० ते १०० असा दहाच्या पटीत दर्जा देतात. अनेक दुखण्यांची सरळ बेरीज करत नाहीत. पहिले ५० टक्के असेल तर दुसऱ्याचे ३० टक्के उरलेल्या निम्म्या शरीरावर मोजतात. म्हणजे एकूण ६५, आणि जवळच्या दहात आणून ७०. पण एवढ्या दर्जाच्या माणसालाही सेवेतल्या दुखण्यांपायी पोटापुरती स्थिर नोकरी करता येत नसेल, तर त्याला १०० टक्क्यांच्या दराने पैसे मिळतात. यालाच तिथे वैयक्तिक रोजगार-अक्षमता म्हणतात. त्यासाठी एकच दुखणे ६० टक्क्यांचे, किंवा अनेक मिळून ७० आणि त्यांतले एक तरी ४० टक्क्यांचे असावे लागते. या अटीत न बसणाऱ्यांसाठीही खास विचाराची वाट ठेवलेली आहे. अर्जदाराचे शिक्षण आणि आजवरचे काम पाहतात. वय मात्र मोजायचे नाही आणि सेवेशी संबंध नसलेली दुखणीही नाहीत. दारिद्र्यरेषेखालची किरकोळ कमाई ‘नोकरी’ धरली जात नाही, त्यामुळे चार तासांचे हलके काम केले म्हणून हक्क आपोआप जात नाही.

भारतात याच्या जोडीची तरतूद नाही. इथे रोजगार-अक्षमतेचा उल्लेख येतो तो उलट्या बाजूने, अट म्हणून. ज्याचे दुखणे नोकरीशी संबंधित नाही असे ठरले आणि ज्याची सेवा दहा वर्षांहून कमी भरली, त्याला पूर्वी मासिक वेतन न देता एकरकमी उपदान देऊन घरी पाठवत. जुलै २०२० मध्ये अशांनाही ‘इन्व्हॅलिड पेन्शन’ देण्याचे ठरले, पण तो माणूस सैनिकी आणि मुलकी अशा दोन्ही नोकऱ्यांना कायमचा निकामी असला पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. शिवाय तो ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर नोकरीत असायला हवा. गावाकडे शेतात बसूनच का होईना, पण काहीतरी करू पाहणाऱ्या जवानाला ही अट अडवू शकते.

सैन्याला निकामी झालेला माणूस कामाला निकामी नसतो, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर मुक्तशैली जलतरणात त्यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. पुण्यातले कृत्रिम अवयव केंद्र, खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आणि १९१७ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे खडकीत आलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट या संस्था हात-पाय आणि हुन्नर परत मिळवून देण्याचे काम करत आल्या आहेत. या शिक्षणाचा धागा निवृत्तिवेतनाच्या नियमांशी जोडला गेला असता, तर कमाईचा तो तिसरा प्रश्न आपल्याकडेही विचारला गेला असता.

काही जण या चौकटीच्या बाहेरच राहतात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत किंवा इतर अकादमींत प्रशिक्षण घेताना जायबंदी झालेला छात्र नियमाने सैनिक नसतो. त्याला निवृत्तिवेतन न मिळता सानुग्रह रक्कम मिळते. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मुलांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. अग्निवीरांनाही मासिक निवृत्तिवेतन नाही. सेवेत आलेल्या १०० टक्के अपंगत्वाला ४४ लाख, ७५ टक्क्यांना २५ लाख आणि ५० टक्क्यांना १५ लाख अशी एकरकमी सानुग्रह मदत २०२२ च्या योजनेत आहे.

अलीकडचा वाद जीवनशैलीच्या आजारांवरून आहे. अपंगत्व घेऊन निवृत्त होणाऱ्यांचे प्रमाण अधिकाऱ्यांमध्ये जवानांच्या दुपटीच्या आसपास असल्याकडे महालेखापरीक्षकांनी लक्ष वेधले. त्यानंतर २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे पात्रता नियम लागू झाले. अधू प्रकृतीनिशी नोकरी पूर्ण करणाऱ्यांसाठी त्यांत ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असा वेगळा प्रकार आहे. आधी मंजूर झालेल्या वेतनांना धक्का लागत नाही. गैरफायदा रोखायलाच हवा, पण त्याचा भार बंकरमध्ये रक्तदाब वाढलेल्या शिपायावर पडता कामा नये, ही माजी सैनिकांची भीती रास्त आहे.

दावा फेटाळला गेला तर सहा महिन्यांत पहिले अपील, मग दुसरे आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण, असा क्रम आहे. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्याची प्रकरणे ऐकते. दिव्यांग जवानांच्या बाजूने लागलेल्या निकालांविरुद्ध सरकारच अपिले करत राहते, ही जुनी तक्रार आहे. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अशी अपिले मागे घ्यावीत असे सुचवले होते. उशिरा दाद मागणाऱ्यालाही हक्क मिळतो, मात्र थकबाकी बहुधा अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच मिळत आली आहे. म्हणून बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत, डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (निवृत्तिवेतनाचा आदेश) ही कागदपत्रे एकत्र जपून ठेवावीत आणि ‘नाही’चे पत्र हाती पडताच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठावे.