छोटा ॲम्प्लिफायर लावला की स्पीकर जळत नाही?

‘स्पीकर १०० वॅटचा आहे ना, मग ३० वॅटचा ॲम्प्लिफायर लावा, कधीच जळणार नाही.’ वर्षानुवर्षं दिला जाणारा हा सल्ला चुकीचा आहे. स्पीकरवरचा आकडा ही त्याच्या सोसण्याची मर्यादा. घरात नेहमीच्या आवाजात गाणी ऐकायला बहुतेकदा एक-दोन वॅटच लागतात.

गडबड होते ती पार्टीत. ३० वॅटची ताकद संपली तरी बटण फिरवतच राहिलं, की आवाजाच्या विद्युत लहरींचे माथे सपाट कापले जातात. हेच क्लिपिंग. अशा वेळी ॲम्प्लिफायर लिहिलेल्या वॅटपेक्षा जास्त शक्ती ढकलू शकतो, आणि वरच्या पट्टीतला तिचा वाटा वाढून तो ट्वीटरवर, म्हणजे उंच, बारीक आवाज काढणाऱ्या छोट्या स्पीकरवर, आदळतो. ट्वीटरची कॉइल अगदी बारीक तारेची. तिला सतत सोसवतात ते थोडेच वॅट. जळका ट्वीटर उघडून बघा: तार काळी पडून तुटलेली, शेजारचा वूफर, म्हणजे खालचा, जाड आवाज काढणारा मोठा स्पीकर, ठणठणीत!

म्हणून आवाज चिरका झाला की लगेच कमी करा, ॲम्प्लिफायर कितीही वॅटचा असो. आणि एकाच चॅनेलवर (डाव्या किंवा उजव्या जोडणीवर) ८ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) दोन स्पीकर समांतर जोडायचे असतील, तर भार ४ ओहमचा होतो. ॲम्प्लिफायरच्या मागे छापलेला किमान ओहमचा आकडा आधी वाचा; भार त्याहून कमी नको.