डेस्कटॉपवर आत्ताची पृथ्वी : पार्श्वभूमी

पडद्यावर आत्ताची पृथ्वी दिसावी ही हौस जुनी आहे. १९९०च्या दशकात युनिक्सवर चालणारा ‘एक्सअर्थ’ हा प्रोग्राम वेळेवरून सूर्याची जागा काढायचा आणि दिवस-रात्रीची सीमा स्वतःच रंगवायचा. त्याला नेट लागतच नसे. पुढे ‘एक्सप्लॅनेट’मध्ये नेटवरून उतरवलेला ढगांचा नकाशाही पृथ्वीवर चढवता येऊ लागला.

मायक्रोसॉफ्टने १९९७ साली इंटरनेट एक्सप्लोरर ४बरोबर ‘ॲक्टिव्ह डेस्कटॉप’ आणला आणि डेस्कटॉपवर थेट वेबपान बसवण्याची सोय दिली. कल्पना चांगली, जागा चुकीची. ब्राउझरचं इंजिन सतत चालू राहून मेमरी खायचं, आणि एक्सप्लोरर कोलमडला की वॉलपेपरऐवजी ‘रिकव्हरी’चा पांढरा पडदा यायचा. विंडोज व्हिस्टापासून ही सोय बंद झाली.

टिकली ती साधी पद्धत: स्क्रिप्टने (म्हणजे छोट्या प्रोग्रामने) ठरावीक वेळाने चित्र उतरवायचं आणि सिस्टमला फक्त फाइलचा पत्ता द्यायचा. जपानच्या हिमावारी-८ उपग्रहाने तिला खरा बहर आणला. जुलै २०१५पासून तो दर १० मिनिटांनी पृथ्वीची पूर्ण तबकडी (म्हणजे त्याला दिसणारी अख्खी गोल बाजू) टिपू लागला. डिसेंबर २०२२मध्ये ते काम हिमावारी-९कडे गेलं. चित्र ५५० बाय ५५० पिक्सेलच्या तुकड्यांत मिळतं. चार बाय चार, म्हणजे १६ तुकडे जोडले की २२०० पिक्सेलची तबकडी तयार होते, आणि बहुतेक पडद्यांना ती पुरते.

अडतं ते वेळेपाशी. चित्राच्या वेबपत्त्यातली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, आणि चित्र नेटवर यायला वेळ लागतो. म्हणून अर्धा तास मागे जाऊन १० मिनिटांच्या टप्प्यावर यावं. २:४० आणि १४:४०ला (आपल्याकडे सकाळी ८:१० आणि रात्री ८:१०) उपग्रह पूर्ण तबकडी टिपत नाही. तेव्हा जुनंच चित्र राहू द्यावं. चित्र आधी तात्पुरत्या फाइलीत पूर्ण उतरवावं, नाहीतर अर्धवट तबकडी पडद्यावर येते. लिनक्सवर क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) ग्नोम या डेस्कटॉपचा वॉलपेपर बदलत नसेल, तर क्रॉनला डी-बसचा (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलण्याच्या वाटेचा) पत्ता मिळालेला नसतो, तो स्क्रिप्टमध्ये द्यावा लागतो. ग्नोम ४२पासून डार्क मोडच्या चित्राची सेटिंगही वेगळी आहे.

कोकणावरचा पाऊस पाहायला मात्र हिमावारी कामाचा नाही. तो १४०.७ अंश पूर्व रेखांशावर आहे, त्यामुळे मुंबई तबकडीच्या अगदी कडेला चेपते. त्यासाठी ७४ आणि ८२ अंश पूर्वेवरच्या भारताच्या इन्सॅट उपग्रहांची चित्रं घ्यावीत. ती दर अर्ध्या तासाने येतात, तेव्हा स्क्रिप्टही त्याच अंतराने चालवावी.